उसाचं बेट आणि माझा चौथा मुद्दा

अन्याय झाला तो दोघींवर. एक रानमांजर आणि एक ऊस तोडणारी बाई. कधी झाला तेही सांगते, कारण ‘मध्यंतरी कधीतरी’ म्हणून सुटणाऱ्यांचा मला राग आहे. दोन वर्षांपूर्वी, महाशिवरात्रीच्या आधीच्या मंगळवारी, सकाळी अकराला पाच मिनिटं कमी असताना. वेळ पक्की आहे, माझ्या मोबाइलमधल्या फोटोवर ती आपोआप उमटली आहे. जागा म्हसावदच्या अलीकडच्या एका गावाचं शिवार. अन्याय करणारे: सातवीचा अख्खा वर्ग, त्यांचे सर, बांधावर जमलेले शेतकरी आणि या सगळ्यांच्या पुढे हातात खोकं घेऊन चालणारी एक शहाणी पत्रकवाली.

पत्रकवाली म्हणजे मी.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. शहाद्याला कॉलेजात असताना पहिलं पत्रक काढलं ते प्लास्टिकवर. दुसरं गलोलीवर, कारण गल्लीतली पोरं पिंगळे पाडायची. तिसरं निवडणुकीच्या फ्लेक्सवर, ते वाटायला कुणी तयार होईना. प्रत्येक पत्रकात मी जगाला झापायचे. छापखान्यातला माणूस मजकूर लावताना म्हणायचा, “ताई, एवढी उद्गारचिन्हं कशाला? वाचणाऱ्याला वाटेल, कुणीतरी अंगावर ओरडतंय.” मी म्हणायचे, ओरडतेच आहे.

मग उसातल्या बिबट्यांच्या बातम्या वाढल्या. आमच्याकडे सपाटीवरचा शेतकरी बिबट्यालाही वाघच म्हणतो, त्यामुळे बातमी आपोआपच दुप्पट होते. शेपूट दिसली की वाघ आला, कुत्रं ओरडलं की वाघ आला, शेजाऱ्याची बकरी हरवली की वाघाने नेली. बरेचदा ती बकरी शेजाऱ्याच्याच पाहुण्यांनी खाल्लेली असते. तर या गडबडीत आम्ही चौघं मित्रमैत्रिणी आणि एक बॅनर एवढ्या भांडवलावर मी चौथं पत्रक काढलं. विषय: बिबट्या दिसला तर काय कराल? एकूण सात मुद्दे. त्यातला चौथा असा:

“पिल्ले आढळल्यास त्यांना स्पर्श करू नये! त्यांना जागेवरून हलवू नये! माता परिसरातच असते! तत्काळ तेथून निघून जावे व वन विभागास कळवावे!”

वाचून बघा. ‘आढळल्यास’. ‘माता परिसरातच’. आईने पत्रक हातात घेतलं, दोन ओळी वाचल्या आणि अहिराणीत विचारलं, “हाई असं कोन बोलस वं आपला घरमा?” मी म्हटलं, आई, ही प्रमाण भाषा आहे. ती म्हणाली, “मंग वाघेसले वाट. त्या शिकेल व्हतीन.” म्हणजे वाघांनाच वाटायचं. आणि पत्रकाची घडी घालून तिने गॅसच्या शेगडीखाली सरकवली, एक पाय हलत होता म्हणून.

बाकीच्या पत्रकांचं काय झालं तेही मी पाहिलं आहे. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर, जिथे लाल मिरच्या वाळत घालतात तिथे, एक मजूर बाई माझा तिसरा, चौथा आणि पाचवा मुद्दा नाकावर धरून खोकत होती. भेळवाल्याने त्याचे चमचे केले. मी मात्र प्रत्येक ठिकाणी ‘जनजागृती झाली’ असंच लिहून ठेवायचे.

आता त्या मंगळवारकडे येते.

गावातल्या शाळेने ठरवलं की मुलांना वर्गात बिबट्या शिकवण्यापेक्षा शिवारातच शिकवावा. पालकांनाही बोलवावं, म्हणजे मोठ्यांचंही निसर्गशिक्षण होईल. एका बागायतदार काकांनी त्यांचा उसाचा फड दिला. तोड चालूच होती. अर्धं शेत कापून झालं होतं, जमिनीवर पाचट पसरलेलं, बांधाला मोळ्यांची रांग. आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बॅनर बांधला. सातवीचे विद्यार्थी खाली पाचटावर बसले, पालक बांधावर उभे राहिले, काही मोटारसायकलवरच बसले. उतरलं तर शिकावं लागेल अशी भीती असावी.

मी सातही मुद्दे समजावले. बिबट्याच्या पावलाचा प्लास्टरचा ठसा फिरवला. एका पालकाने तो उलटा धरून पाहिला आणि म्हणाला, “भाकर जळनी वाटस.” सगळे हसले. मग पहिल्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला.

“ताई, तुम्ही बिबट्या बघितलाय का?”

“प्रत्यक्ष नाही.”

“मग?”

“त्याच्या खुणा बघितल्यात. विष्ठा, ठसे, नखांचे ओरखडे...”

“मी बघितलाय,” ती म्हणाली. “दोन वेळा.” तिच्या मागून आठ-दहा हात वर झाले. कुणी पाटाजवळ पाहिला होता, कुणी केळीच्या बागेत, एकाच्या तर घरामागून रोज जायचा म्हणे. बांधावरून काका ओरडले, “बेन, तू खाली बस, पोरं शिकाडतीन तुले!” पुन्हा हशा. मीही हसले. पण आतून जळून खाक झाले होते. बिबट्यावर बोलणारी, बिबट्यावर पत्रक काढणारी, बिबट्यासाठी भांडणारी मी, आणि त्या सबंध शिवारात बिबट्या न पाहिलेली एकटी मीच. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं याच जळण्यातून आलं.

कार्यक्रम संपला. मुलांना शेत दाखवायला म्हणून फडात शिरले, तर मध्येच एक विचित्र गोष्ट दिसली. चहूबाजूंनी ऊस कापून टाकलेला, आणि मधोमध एका खोलीएवढा तुकडा तसाच उभा. समुद्रात बेट असावं तसा. त्याच्या कडेला दोन-तीन सऱ्यांच्या अंतरावर एक ऊसतोड बाई पाठमोरी बसून मोळ्या बांधत होती. शेजारी कोयता. बांधावरच्या बाभळीच्या सावलीत तिची दोन मुलं बसलेली, मोठी मुलगी धाकट्याला थोपटत होती. नवरा पलीकडच्या कडेला तोडत होता. नवरा-बायकोच्या जोडीला फडात ‘एक कोयता’ म्हणतात. माणसं दोन, गणती एक. वर सातपुड्यातून, धडगावच्या बाजूने दरवर्षी हे कोयते खाली येतात, कुणी आमच्याकडे, कुणी थेट गुजरातेत.

मी काकांना विचारलं, हा तुकडा का सोडलाय?

“काय माहीत,” काका म्हणाले. “सकायपाईन ती बाई तठे हात नही लावस. इचारं त म्हनस, शेवटले करसू. मुकादमनी बोंब मारी, तरी नही. गाडी भराले येई आते चार वाजता.”

मला तिथे थांबून त्या बाईला एवढंच विचारायला हवं होतं: “काय आहे आत?” दोन पावलं चालायचं आणि तोंड उघडायचं. मी दोन पावलं चालले, पण बेटाकडे. ऊस बाजूला केला, पाचट उचललं, आणि खाली तीन पिल्लं. डोळे जेमतेम उघडलेले, अंगावर पुसट पट्टे, पुसट ठिपके, एकमेकांच्या पोटात डोकी खुपसून पडलेली. एकाची हनुवटी पांढरी.

मी किंचाळले, “बिबट्याची पिल्लं!”

खरं सांगते, त्या किंचाळण्यात घाबरणं एक आणा होतं आणि आनंद पंधरा आणे. घ्या आता. बघितला की नाही बिबट्या? एक सोडून तीन!

ती बाई उठली, जवळ आली, पिल्लांकडे न बघताच मला म्हणाली, “रानमांजर शे ती. ऱ्हाऊ दे. माय येई, लई जाई.”

ती घरी डोंगरातली पावरी बोलत असणार. माझ्याशी तोडकीमोडकी अहिराणी बोलली, आणि अहिराणी तर माझ्या आईची भाषा. म्हणजे कळलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. शब्द न् शब्द कळला. तरी मी तिच्या खांद्यावर हात ठेवून, पत्रकातल्या भाषेत, काय म्हणावं? “मावशी, घाबरू नका. आम्ही आहोत.”

ती घाबरली नव्हती. सकाळी सहाला तिला ती पिल्लं दिसली होती. तिने त्यांच्यावर पाचट ओढलं, भोवतीचा ऊस उभा ठेवला आणि तोड दुसऱ्या बाजूला वळवली. फडात हे असं करतातच, हे मला नंतर कळलं. ससा, तित्तिराची अंडी, मांजरीची पिल्लं, काहीही निघालं की तेवढा तुकडा सोडायचा, शेवटपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. मधल्या वेळात आई येते आणि आपली पोरं हलवते. माझ्या पत्रकात सात मुद्दे होते. यांचा एकच होता, आणि तो कुणी छापला नव्हता.

तोवर किंचाळी बांधापर्यंत पोचली होती. ‘वाघनी पिल्ले! वाघनी पिल्ले!’ मोटारसायकलवरचे पालक शेवटी उतरले. कुणाच्या हातात ऊस, कुणाच्या हातात काठी, सगळ्यांच्या हातात मोबाइल. मी ठरवलं, पिल्लांना धोका आहे. धोका मीच ओरडून बोलावला होता, पण ते हिशेबात धरायची रीत चळवळीत नाही. पत्रकांचं खोकं रिकामं करायलाही वेळ नव्हता. पत्रकांच्याच थप्पीवर तिन्ही पिल्लं उचलून ठेवली आणि माझ्या मोबाइलवर एक फोटो मात्र काढून घेतला.

दोन वेण्यांची मुलगी बाजूलाच उभी होती. म्हणाली, “ताई, चौथा मुद्दा.”

“काय?”

“स्पर्श करू नये. तुम्हीच आत्ता सांगितलं.”

“ही अपवादात्मक परिस्थिती आहे,” मी म्हटलं.

हे वाक्य मी आजवर ज्यांच्या तोंडून ऐकलं, त्या प्रत्येकाविरुद्ध मी पत्रक काढलेलं आहे.

मिरवणूक शाळेत आली. खोकं सरांच्या टेबलावर, हजेरीपट आणि चहाच्या कपांच्या मध्ये. सरांनी एक पिल्लू हातात घेऊन फोटो काढला, मग सगळ्या शिक्षकांनी, मग शिपायाने, मग सरपंचांच्या पुतण्याने तर तिन्ही पिल्लं एकदम छातीशी धरून. पांढऱ्या हनुवटीचं सगळ्यांचं लाडकं. ते फोटोत छान यायचं, तोंड उघडायचं. लोकांना वाटलं ते हसतंय. ते आईला हाका मारत होतं. कुणीतरी बशीत म्हशीचं दूध आणलं, ते त्याच्या नाकातोंडाला लावलं. मी मना केलं नाही. मी तेव्हा खिडकीत उभी राहून एका स्थानिक बातमीदाराला फोनवर सांगत होते की वेळीच हस्तक्षेप झाला म्हणून अनर्थ टळला.

दरम्यान मोबाइलवर पिल्लं वाढत होती. अर्ध्या तासात तिनाची पाच झाली. मग मादी चवताळून गावाकडे निघाली. मग तिने एकाला जखमी केलं. तो जखमी इसम शाळेच्या अंगणात उभा राहून स्वतःविषयीचा तो मेसेज मला दाखवत होता, त्याच्या हाताला उसाचं पातं लागलं होतं, एवढंच. पोरांनी फडाकडे जाऊन दिवाळीचे उरलेले फटाके लावले. काका घाबरले. मादी त्या बेटातच दबा धरून बसली असेल म्हणून मुकादमाला सांगितलं, आधी तेवढं भुईसपाट कर. चार कोयत्यांनी दहा मिनिटांत बेट कापून टाकलं. त्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला, ‘तुम्हीच लपाडं व्हतं’ म्हणून शिव्या घालून खोपीकडे हाकललं.

दोन वाजता वनरक्षक आला. मोटारसायकल झाडाला टेकवली, हात धुतले, खोक्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“ताई, शेपटी बघितली?”

“हो... म्हणजे...”

“बिबट्याच्या पिल्लाची शेपटी अशी असते?” त्याने एक पिल्लू दोन बोटांनी हलकेच वळवलं. “हे ठिपके बिबट्याचे? हे कान? रानमांजर आहे हे. आमच्याकडे ऊसतोडीत दर साल निघतात. उचलली कुणी?”

 सातवीच्या अख्ख्या वर्गाने एकत्र माझ्याकडे बोट दाखवलं. आयुष्यात माझ्या कुठल्याही आवाहनाला एवढा एकमुखी प्रतिसाद मिळालेला नाही.

वनरक्षकाने खोक्यातून एक पत्रक ओढून काढलं. पिल्लाने त्यावर मुतून ठेवलं होतं. त्याने ते दोन बोटांत धरलं आणि ओलं तसंच मोठ्याने वाचलं, “पिल्ले आढळल्यास त्यांना स्पर्श करू नये. त्यांना जागेवरून हलवू नये. माता परिसरातच असते.” मग खाली बघून, “हे कुणी लिहिलंय?”

पुन्हा सगळ्यांनी बोट दाखवलं.

“लिहिलंय चांगलं,” तो म्हणाला. “आता जिथून उचलली ती जागा दाखवा. अगदी तीच. मादी तिथेच शोधत फिरते. आज तिला मिळाली तर ठीक, नाहीतर ही जगत नाहीत.”

आम्ही फडात गेलो.  बेट नव्हतंच. सगळं शेत सारखं. बुडखे, पाचट, बुडखे, पाचट. मी म्हटलं इथे, सर म्हणाले तिथे, काका म्हणाले दोन्ही नाही, पाटाच्या बाजूला. मोबाइलमधला फोटो काढला तर त्यात मी होते, पिल्लं होती, बॅनरचा कोपरासुद्धा होता. जागा नव्हती. खोक्यात पांढऱ्या हनुवटीच्याचं ओरडणं बारीक झालं होतं.

जागा माहीत असलेलं माणूस एकच होतं, आणि त्याला आम्ही शिव्या घालून हाकललं होतं.

खोपी पाटाच्या कडेला होत्या. ती बाई दगडावर कोयता घासत बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले. 

“मावशी, ती जागा दाखवता का? पिल्लं परत ठेवायचीत.”

तिने कोयत्याच्या धारेवर बोट फिरवलं. “बिबट्या व्हता ना? मंग बिबट्याले इचार.”

शेजारच्या खोपीतल्या बाया खिदळल्या. मी उभीच राहिले. ती अजून चार वेळा कोयता घासून मग उठली. नवऱ्याला काहीतरी बोलली, तोही उठला. मला वाटलं होतं, रागाने दोन शब्द तरी बोलेल. ती एवढंच म्हणाली, “कितली जित्ती शेतस?”

“तिन्ही.”

“चाल.”

बांधावर येऊन तिने बाभळीकडे पाठ केली, आणि सऱ्या मोजत चालायला लागली. मोठ्याने नाही, ओठ हलत होते फक्त. फडात प्रत्येक कोयत्याच्या वाट्याला ठरलेल्या सऱ्या येतात, आपली सरी माणूस झोपेतही चुकत नाही. एका ठिकाणी थांबली, पायाने पाचट सारलं. खाली दाबलेला, उबेने गोल झालेला खळगा. “आठे.”

वनरक्षकाने खोकं खाली ठेवलं. पण तिने हात आडवा केला. उघड्यावर ठेवून काय उपयोग, वर घारी आहेत, समोर कुत्री आहेत. बेट आम्ही कापलं होतं. तर तिने आणि नवऱ्याने नवं बेट उभं केलं. बांधावरच्या मोळ्या आणल्या, टोकांशी एकमेकींना टेकवून उभ्या लावल्या, गोल, चारी बाजूंनी. वर हिरवं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, पसरलं. खालून एक फट ठेवली, मांजरीपुरती.

काका अस्वस्थ. “ओ बाई, गाडी भरनी शे. मोळ्या वाळतीन मन्ह्या.”

“सकाय भर,” ती म्हणाली.

“एक बिलाडीसाठे?”

“तुम्हन्हा ऊस कोन कुरतडस? उंदीर. उंदीर कोन खास?” तिने माझ्या खोक्याकडे मान उडवली. “हाई कागद खातीन का?”

काका हसले. मग वनरक्षकाकडे बघितलं आणि हसणं आवरलं. गाडी सकाळी भरायचं ठरलं.

पिल्लं आत ठेवताना मी पुढे झाले, तर तिने मला मनगटाला धरून मागे सारलं. स्वतः ठेवली, एकेक करून. पांढऱ्या हनुवटीच्याला तिने जरा जास्त वेळ हातात धरलं, पोटाला बोट लावलं, मग मधोमध ठेवलं, दोघांच्या उबेत. पाचट ओढता ओढता, माझ्याकडे न बघता बोलली, “मी बी मन्हा पोरेसले बांधवर ठेईसन तोडस. कोनी उचलीसन शाळामा नही लई जात.”

मला वाटतं ती टोमणा मारत नव्हती. मांजर पोरं ठेवून कामावर गेली होती, एवढंच तिला सांगायचं असेल. पण मला ते दुसऱ्या बाजूने लागलं. तिची आठ वर्षांची मुलगी सकाळपासून त्या बाभळीखाली बसली होती. तिच्यासमोर, तिच्याच आईने तोडलेल्या उसाच्या पाचटावर, गणवेशातली मुलं निसर्ग शिकत होती. सरांनी तिला बोलावलं नाही. मीही नाही. त्या शाळेत रानमांजराच्या पिल्लांना प्रवेश मिळायला पाच मिनिटं लागली. तोडीचा हंगाम अर्ध्याहून जास्त संपला होता, आणि ही अजून बाभळीखालीच.

सगळं झाल्यावर ती उभी राहिली, हात झटकले, आणि वनरक्षक, सर, काका, सातवीची मुलं, सगळ्यांना एकत्र म्हणाली, “जा आते. बठा जा.” बठा म्हणजे सगळे. मग माझ्याकडे वळून, खास, “तू बी.”

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी स्कूटी काढली. आईने विचारलं, कागद घेतले का? मी म्हटलं, नाही. 

फडात तोड सुरू झाली होती. मोळ्यांचं बेट तसंच होतं, त्याच्या आसपास कुणी फिरकलं नव्हतं. ती बाई मला बघून थांबली. खळग्याकडे चालत गेली, वाढं बाजूला केलं. “दोन लई गई माय.” म्हणजे आई आली होती. फटाके, माणसं, कापलेलं बेट, सगळं सोसून ती आली होती, आणि दोघांना घेऊन गेली होती.

तिसरं तिथेच होतं. पांढऱ्या हनुवटीचं. थंड. सगळ्यांचं लाडकं, सगळ्यांत जास्त फोटोतलं. कशाने गेलं ते मला नक्की सांगता येणार नाही. दुधाने असेल, थंडीने असेल, एवढ्या हातांतून फिरल्याने असेल. पण ‘कशाने’ला फार महत्त्व द्यायचं नाही असं मी ठरवलं आहे, कारण ‘कुणी’चं उत्तर मला माहीत आहे.

मी म्हटलं, “चुकलं, मावशी.”

“मावशी नको म्हनू,” ती म्हणाली. “तुन्हापेक्षा ल्हान व्हसू मी.”

खरंच होती. उन्हाने, उसाने आणि दोन पोरांनी मला फसवलं होतं. मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, पिल्लांकडेही नाही. शेपटी बघायची राहिली तशीच ही बघायची राहिली. तिने कोयत्याच्या टोकाने खड्डा केला, पिल्लू ठेवलं, माती सारली आणि कामाला लागली.

त्याच दिवशी बातमी आली. ‘तरुणीच्या प्रसंगावधानाने वाचले बिबट्याचे तीन बछडे.’ माझा फोटो, माझं नाव, खोकं. प्रसंगावधान नाही, बिबट्या नाही, वाचले तीन नाहीत. एका ओळीत एवढी खोटी माहिती मी माझ्या पत्रकांतसुद्धा कधी बसवू शकले नव्हते. मी बातमीदाराला फोन केला, खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, “ताई, लोकांना आवडलीय. कशाला खराब करता?” दुरुस्ती आली नाही. आजही शहाद्यात कुणी भेटलं की म्हणतं, तुम्हीच ना बिबट्यावाल्या? शाळेने तो कागद फ्रेम करून सरांच्या टेबलामागे लावलाय. मी दोनदा उतरवायला सांगितलं. सर म्हणाले, मुलांना प्रेरणा मिळते.

त्या बातमीत माझं नाव होतं आणि तिचं नव्हतं. म्हणून इथे कुणाचंच नाही.

मी पत्रक नव्याने काढलं. सात मुद्द्यांचा एक केला, आईकडून वाचून घेतला. ती म्हणाली, आते कसं बोलना सारखं वाटस. उद्गारचिन्ह एकही नाही. छापखान्यातल्या माणसाने विचारलं, तब्येत बरी आहे ना? मग मी शाळेत गेले, बाभळीखालच्या मुलीला वर्गात घ्या म्हणून. सरांनी दाखला मागितला. दाखला डोंगरावरच्या शाळेत, शाळा तिथे, मुलगी इथे. त्यावर भांडण अजून चालू आहे, आणि ते मी हरलेले नाही.

आता तुमच्याकडे येते, कारण हे सगळं तुमच्यासाठीच लिहिलं आहे. तुमच्या मोबाइलमध्ये बिबट्याच्या बछड्याला छातीशी धरलेल्या कुणाचा तरी फोटो असेल. आमच्या जिल्ह्यातल्या बहुतेकांच्या असतो. तो उघडा. शेपटी बघा. मग पुसून टाका, आणि ज्याने पाठवला त्याला का पुसला ते कळवा. पुढच्या खेपेला उसात, कापसात, केळीत पिल्लू दिसलं की हात पाठीमागे बांधा आणि जिच्या हातात कोयता आहे तिला विचारा: इथे काय आहे, काय करू? ती म्हणेल तेवढंच करा. ती ‘जा’ म्हणाली तर जा.

आणि निघताना बांधावरच्या बाभळीखाली कोण बसलंय तेही बघा. शाळेला तिचं नाव सांगून या. दाखला मागितला तर मला बोलवा, मी येते.